दूध अंगी का लागत नाही?

नव्या बाळाच्या चौकशीची आपल्या घरांतून एक ठरलेली भाषा आहे. बारशाला आलेली मंडळी पाळण्यात डोकावतात आणि विचारतात, "बाळसे धरले का?" उत्तर होकारार्थी असले तर ते साऱ्या घराचे भाग्य ठरते. नकारार्थी असले तर मात्र दोष एकट्या बाळंतिणीचा. तिला दूध पुरत नसेल, तिने पथ्य मोडले असेल, किंवा बाळाला दृष्ट तरी लागली असेल. मग आजेसासूबाई मीठमोहऱ्या ओवाळतात, शेजारच्या काकू सहाणेवर गुटीचा आणखी एक वेढा वाढवावयास सांगतात, आणि कोणी तरी सुस्कारा टाकून म्हणतो, "पितो पुष्कळ, पण अंगी लागत नाही."

हे शेवटचे वाक्य आम्हांस फार महत्त्वाचे वाटते. महाराष्ट्राबाहेर पिढ्यानपिढ्या राहूनही आपण जे शब्दप्रयोग जतन केले, त्यांत 'अंगी लागणे' हा एक आहे, आणि त्यात शरीरशास्त्राचे एक सत्य दडलेले आहे. पोटात जाणे निराळे आणि अंगी लागणे निराळे. जे पोटात जाते ते वाटेतच कोठे तरी खर्च होऊन जात असेल, तर अंगाला काय लागणार? हा खर्च करणारा पुष्कळदा बाळाच्या छातीतच बसलेला असतो. जन्मजात हृदयदोष असलेल्या बालकांच्या पोषणाचा विचार आम्ही येथे मांडीत आहोत, तो या दृष्टीने. आम्ही वैद्य नव्हे, मराठीचे शिक्षक. परंतु शाळेच्या आवारातच अंगणवाडी भरत असल्यामुळे वजनकाट्याभोवतीची ही संभाषणे आमच्या कानांवर वारंवार पडतात.

जन्माला येणाऱ्या दर हजार बालकांपैकी सुमारे आठ-नऊ बालकांच्या हृदयात काही ना काही रचनादोष असतो. म्हणजे हा काही लाखांत एखाद्याच्या वाट्यास येणारा आजार नव्हे. यांपैकी पुष्कळ दोष किरकोळ असतात. लहानसे छिद्र कित्येकदा आपोआप बुजते, आणि हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधील छिद्र असलेली बहुतेक मुले वाढीत फारशी मागे पडत नाहीत. ज्यांचा दोष मोठा, त्यांची गोष्ट वेगळी. कोचीच्या अमृता रुग्णालयातील डॉक्टरांनी २००८ साली 'इंडियन पीडियाट्रिक्स' या नियतकालिकात आपल्याकडे आलेल्या ४७६ हृदयरोगी बालकांची पाहणी प्रसिद्ध केली. त्यांतील ५९ टक्के बालकांचे वजन वयाच्या मानाने फारच कमी भरले होते. उंचीत मागे पडलेली बालके सुमारे २६ टक्के होती. या दोन आकड्यांतील अंतर ध्यानात घ्यावे. आधी वजन थांबते, नंतर उंची खुंटते, आणि डोक्याची वाढ सर्वांत शेवटी मंदावते. शरीर आपली शिल्लक कोणत्या क्रमाने मोडते, त्याचाच हा हिशेब आहे.

आता हे घडते कसे? हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधील पडद्याला मोठे छिद्र आहे असे समजू. डावीकडचे शुद्ध रक्त सर्व शरीराला जावयाचे, त्यातील मोठा हिस्सा छिद्रातून उजवीकडे वळतो आणि पुन्हा फुप्फुसांत जातो. एकदा शुद्ध झालेलेच रक्त पुन्हा शुद्धीसाठी पाठविणे, असा हा व्यर्थ खटाटोप अहोरात्र चालतो. फुप्फुसे जड होतात, श्वास भराभर चालू लागतो, आणि हृदयाला दुप्पट राबावे लागते. यकृत फुगून जठरावर दाब येतो, तेव्हा थोड्या दुधाने पोट भरल्यासारखे होते आणि उलटीही होते.

यात एक विलक्षण योग आहे, आणि घराघरांतील गैरसमजाचे मूळ आमच्या मते त्यातच आहे. जन्मतः फुप्फुसांतील रक्तवाहिन्या आकुंचित असतात, त्यामुळे छिद्र मोठे असले तरी सुरुवातीस फारसे रक्त त्यातून वळत नाही. बाळ चांगले पिते, वजनही घेते. चार ते आठ आठवड्यांत या रक्तवाहिन्या सैल होतात आणि मग लक्षणे दिसू लागतात. आपल्याकडे बाळंतीण सव्वा महिन्याने खोलीबाहेर पडते, नेमका तोच हा काळ. शेक-शेगडी बंद झाली, डिंकाचे लाडू संपले, ती घरकामाला लागली, आणि त्याच सुमारास बाळ उतरू लागले. घरच्या वडीलधाऱ्यांनी या दोन गोष्टींची सांगड घातली, तर त्यांस दोष देता येत नाही. पण ती सांगड चुकीची आहे.

या बाबतीत १९९८ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेला एक अभ्यास प्रत्येक सासूबाईंस वाचून दाखवावा असा आहे. तीन ते पाच महिन्यांची, पडद्याला छिद्र असलेली बालके आणि तेवढ्याच वयाची निरोगी बालके यांच्या शरीरातील उष्मांकांचा खर्च एका विशिष्ट प्रकारच्या पाण्याच्या साहाय्याने मोजण्यात आला. दोन्ही गटांतील बालके दूध जवळजवळ सारखेच पीत होती. परंतु आजारी बालकांचा दिवसभराचा खर्च सुमारे ४० टक्क्यांनी अधिक होता. झोपेतला आणि विश्रांतीतला खर्च मात्र दोन्हीकडे फारसा निराळा नव्हता. हालचाल, रडणे, दूध पिणे या नित्याच्या व्यापारांतच ती बालके दमत होती. मग दूध कमी पडले असे कोणत्या तोंडाने म्हणावे? जमा सारखीच असून खर्च सव्वापट-दीडपट झाला, तर शिल्लक उरणार कोठून?

दूध पिणे हा तान्ह्या बाळाचा सर्वांत मोठा व्यायाम होय. मोठ्या माणसास जिना चढताना लागते तशी धाप त्याला स्तनपानाच्या वेळी लागते. म्हणून दोषाची पहिली चाहूल मांडीवरच लागते. बाळ दोन-चार घोट घेते, थांबते, धापा टाकते, पुन्हा ओढते आणि दमून झोपी जाते. अर्ध्या तासाने भुकेने पुन्हा जागे होते. कपाळावर आणि टाळूवर दरदरून घाम येतो. एकेका वेळेचे पाजणे अर्ध्या तासाहून अधिक लांबते. बाळ शांत निजले असताना एक मिनिटभर त्याचे श्वास मोजावेत. दोन महिन्यांच्या आत ते साठांवर, आणि त्यानंतर वर्षभरापर्यंत पन्नासांवर जात असतील, तर दृष्ट काढण्यात वेळ न घालविता बालरोगतज्ज्ञांकडे जावे. वारंवार छाती भरणे, न्यूमोनिया होणे हेही याच कुळातले लक्षण. प्रत्येक आजारपण आठवड्याभरात जमलेली शिल्लक घेऊन जाते.

निळ्या बालकांची तऱ्हा थोडी निराळी. ज्या दोषांत अशुद्ध रक्त शुद्ध रक्तात मिसळते, त्यांत ओठ आणि नखे निळसर दिसतात. १८८८ साली फ्रेंच वैद्य फालो याने वर्णन केलेला चार दोषांचा समुच्चय हा यांतील सर्वांच्या परिचयाचा. ही मुले सहसा तितकी हडकत नाहीत, तरी दोष तीव्र असेल तर वाढ पार थांबते. २९ नोव्हेंबर १९४४ रोजी बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात अशा बालकावरची पहिली शस्त्रक्रिया डॉ. ब्लेलॉक यांनी केली. तिची कल्पना डॉ. हेलन टॉसिग या बाईंची होती, आणि कुत्र्यांवर प्रयोग करून ती हातांत बसविली होती व्हिव्हियन टॉमस या कृष्णवर्णीय साहाय्यकाने. ती बालिका पंधरा महिन्यांची होती. तिचे वजन होते सुमारे चार किलो, म्हणजे एका महिन्याच्या सुदृढ मुलीएवढे. तिला स्वतःला पुढे फार आयुष्य लाभले नाही, पण तिच्यामागून आलेल्या असंख्य मुलांना त्या वाटेने लाभले.

निळ्या बाळाच्या बाबतीत दोन गोष्टी विशेष सांभाळावयाच्या. एक म्हणजे पाणी. त्याचे रक्त आधीच दाट असते. जुलाब-उलट्यांत किंवा उन्हाळ्यात ते आणखी घट्ट झाले तर धोका संभवतो. तेव्हा अशा वेळी घरगुती उपचार करीत दोन दिवस काढू नयेत. दुसरी गोष्ट लोहाची. सामान्य मुलाच्या रक्ताचा जो आकडा उत्तम म्हणून आपण समाधान मानतो, तोच निळ्या मुलाच्या बाबतीत अपुरा असू शकतो, कारण प्राणवायूची तूट भरून काढण्यास त्याला अधिक रक्तद्रव्य लागते. अहवालावर 'ठीक' दिसते म्हणून लोहाचे थेंब परस्पर बंद करू नयेत.

थोडा हिशेब करू. निरोगी तान्ह्या बाळास दर किलो वजनामागे दिवसाला सुमारे १०० ते ११० उष्मांक पुरतात. हृदयावर ताण असलेल्या बाळास १२० ते १५० लागतात. चार किलोचे बाळ घेतले आणि १४० हा आकडा धरला तर ५६० उष्मांक झाले. आईच्या शंभर मिलिलिटर दुधात सुमारे ६७ उष्मांक असतात. म्हणजे या बाळाने दिवसाला ८३५ मिलिलिटरच्या आसपास दूध प्यावयास हवे. त्याच वजनाच्या निरोगी बाळास ६५५ पुरले असते. जे बाळ साठ मिलिलिटर पिताना घामाघूम होते, त्याने दीडपावणेदोनशे मिलिलिटर अधिक कोठून प्यावे? शिवाय अंगात पाणी साठू नये म्हणून डॉक्टर पुष्कळदा एकूण द्रवावरही मर्यादा घालतात. या कोड्याचे उत्तर एकच आहे. माप न वाढविता त्यातला कस वाढवावयाचा, आणि बाळाचे श्रम वाचवावयाचे.

श्रम वाचविण्यासाठी लोक प्रथम काय करतात, तर अंगावरचे तोडून बाटली लावतात. 'बाटलीतून आयते येते' अशी समजूत असते. ती खरी नव्हे. अंगावर पिताना बाळ गिळणे आणि श्वास घेणे यांचा मेळ आपल्या सोयीने घालते, आणि त्याच्या रक्तातील प्राणवायू बाटलीपेक्षा अधिक स्थिर राहतो असे आढळून आले आहे. तेव्हा अंगावरचे दूध चालूच ठेवावे. दर दोन-अडीच तासांनी थोडे थोडे पाजावे, आणि डोके उंच राहील असे धरावे. पान्ह्याच्या आरंभीचे दूध पातळ असते, शेवटचे स्निग्ध. दमणाऱ्या बाळाच्या वाट्यास हे शेवटचे येतच नाही. ते हाताने काढून स्वच्छ वाटीचमच्याने पाजता येते. आपल्या आज्यांच्या फडताळात एक बोंडले असे. ज्या घरी ते अजून असेल त्यांनी उकळत्या पाण्यात स्वच्छ करून खुशाल वापरावे. याच घाटाच्या भांड्याने अशक्त नवजात बालकांना पाजण्याची पद्धत रुग्णालयांतही आहे. दुधात पावडर किंवा स्निग्ध पदार्थ मिसळून त्याचा कस वाढवितात, पण ते काम डॉक्टरांच्या किंवा आहारतज्ज्ञांच्या मापानेच व्हावे. अंदाजाने घट्ट केलेले दूध जुलाबास आमंत्रण देते आणि मूत्रपिंडांवर भार टाकते.

एवढ्यानेही न भागल्यास डॉक्टर नाकातून जठरापर्यंत बारीक नळी घालावयास सांगतात. हे ऐकताच घरात रडारड होते, 'शेवटचे आले' अशी भावना होते. वस्तुतः ही नळी म्हणजे दमलेल्या प्रवाशाच्या डोक्यावरचे ओझे उतरविणे होय. दिवसा जेवढे पिववेल तेवढे बाळाने प्यावे, आणि उरलेले नळीने जावे, असाही मेळ घालता येतो. नळी असतानाही बाळास थोडे चोखू द्यावे, चव चाखू द्यावी. तोंडाला खाण्याची सवयच राहिली नाही, तर पुढे शस्त्रक्रिया उत्तम होऊनही मूल घास तोंडात घेईना, असा प्रसंग येतो.

सहा महिन्यांनी उष्टावण झाले की आपल्या स्वयंपाकघराचे राज्य सुरू होते. येथे आम्हांस एका पदार्थाविरुद्ध तक्रार नोंदवावयाची आहे. तो पदार्थ म्हणजे वरणाचे पाणी. त्याच्या बरोबरीने पातळ पेज, साबुदाण्याचे पाणी, भाताची निवळ. या साऱ्यांनी लहानसे पोट भरते, आणि अंगाला म्हणण्यासारखे काहीच मिळत नाही. वरणाचे पाणी पिणारे मूल उपाशी असते, फक्त ते रडत नाही इतकेच. त्याऐवजी तांदूळ आणि मुगाची डाळ भाजून केलेले घट्ट खिमट, तुपाने माखलेला मऊ वरणभात, कुस्करलेले केळे, उकडून कुस्करलेला बटाटा किंवा रताळे द्यावे. मूल मांसाहारी घरचे असेल तर अंडेही द्यावे. तुपाचा किंवा तेलाचा एक लहान चमचा म्हणजे सुमारे ४५ उष्मांक, आणि जागा मात्र घेतो बोटाच्या पेराएवढी. अशा मुलांसाठी याहून सोपी युक्ती नाही.

घट्ट खीर दमलेल्या मुलास गिळवत नाही आणि पातळ केली की कस जातो, ही अडचण राहतेच. तिच्यावरचा एक सुंदर तोडगा वडोदऱ्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात डॉ. तारा गोपालदास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० नंतरच्या दशकात अभ्यासून मांडला. धान्याला मोड आले की त्यात पिष्टाचे विघटन करणारे एक द्रव्य तयार होते. गहू, बाजरी किंवा नाचणी भिजवून, मोड आणून, वाळवून, अगदी हलकी भाजून दळावी. खीर घट्ट शिजवून खाली उतरवावी, वाफ थोडी निवल्यावर त्यात हे पीठ एखादा लहान चमचा घालून ढवळावे. पाहता पाहता ती पळीवाढी होते, पाण्याचा थेंबही न घालता. मग स्वच्छतेसाठी पुन्हा एक उकळी द्यावी. ज्या घरांत नाचणीचे सत्त्व करण्याची रीत आहे त्यांना हे पीठ करणे जड जाणार नाही.

वर्षाच्या आत मध देऊ नये, गाईम्हशीचे दूध आईच्या दुधाऐवजी देऊ नये, आणि वरून मीठही घालू नये. लघवी वाढविणारे औषध चालू असलेल्या मुलास नारळपाणी 'शक्तीचे' म्हणून परस्पर देणे बरे नव्हे, कारण काही औषधे शरीरातील पोटॅशियम घालवितात, तर काही ते साठवून ठेवतात. लसी वेळेवर टोचाव्यात. नाजूक मूल आहे म्हणून लस लांबणीवर टाकणे हे उलटे गणित झाले.

वजन दर आठवड्यास एकाच काट्यावर, कपडे उतरवून, शक्यतो एकाच वेळी करावे आणि माता-बाल संरक्षण कार्डावर मांडावे. निरोगी बाळ पहिल्या तीन महिन्यांत दिवसाला २५ ते ३० ग्रॅम वाढते, पाचव्या महिन्यास जन्माच्या वजनाची दुप्पट करते आणि वर्षाला तिप्पट. 'ही परदेशी मापे, आपली मुले लहानखुरीच' असे म्हणणाऱ्यांस सांगावेसे वाटते की, जागतिक आरोग्य संघटनेने २००६ साली सिद्ध केलेल्या तक्त्यासाठी ज्या सहा देशांतील बालके मोजली गेली, त्यांत दिल्लीची बालकेही होती. डाऊन सिंड्रोम असलेल्या बालकांची गोष्ट मात्र वेगळी. त्यांपैकी जवळजवळ निम्म्यांना हृदयदोष असतो, आणि त्यांची वाढ त्यांच्यासाठी केलेल्या स्वतंत्र तक्त्यावर पाहावी लागते. आणखी एक सूचना. एक-दोन दिवसांत वजन एकाएकी चढले, डोळ्यांखाली सूज आली, श्वास वाढला, तर ते बाळसे नव्हे. ते अंगात साठलेले पाणी आहे, आणि डॉक्टरांना त्याच दिवशी दाखवावयास हवे.

इथवर आहारासंबंधी लिहिले, पण ज्या समजुतीने आपल्या समाजात सर्वांत अधिक नुकसान होते ती आहाराविषयीची नव्हे. "एवढ्याशा जिवावर ऑपरेशन? आधी जरा बाळसे धरू द्या, मग पाहू." हे वाक्य मायेने उच्चारलेले असते, आणि पूर्वी मोठमोठे डॉक्टरही त्यास दुजोरा देत. आज बालहृदयशस्त्रक्रिया पार पुढे गेली आहे. मोठ्या छिद्राच्या बाबतीत औषध आणि कसदार दूध देऊनही वजन वाढत नसेल, तर ते न वाढणे हेच शस्त्रक्रिया लवकर करण्याचे कारण मानले जाते, आणि ती बहुधा तीन ते सहा महिन्यांच्या वयातच उरकतात. छिद्र बुजविल्यावाचून बाळसे येणार नाही, आणि बाळसे आल्यावाचून छिद्र बुजवावयाचे नाही, अशा फेऱ्यात मूल वर्ष-दोन वर्षे अडकते. तोवर फुप्फुसांतील रक्तवाहिन्या जाड व कठीण होत जातात. व्हिएन्नाच्या आयझेनमेंगर याने १८९७ साली वर्णिलेली ती अवस्था एकदा आली की छिद्र बुजविण्याची वेळ टळून जाते, आणि जे मूल गोरे होते ते निळे पडू लागते. पहिल्या भेटीतच बालहृदयतज्ज्ञांस स्पष्ट विचारावे: शस्त्रक्रिया लागेल काय, केव्हा, आणि तोवर दर आठवड्यास किती ग्रॅम वजन वाढावयास हवे? हे तीन प्रश्न कागदावर लिहून न्यावेत.

खर्चाचे भय हा लांबणीचा दुसरा पाय. तेथे माहितीच अपुरी असते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ ६ फेब्रुवारी २०१३ रोजी महाराष्ट्रात पालघर येथे झाला, आणि तो देशभर लागू आहे. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी करणारी पथके अंगणवाड्यांत आणि सरकारी शाळांत जातात. जन्मजात हृदयदोष त्यांच्या यादीत आहे, आणि पुढील उपचार या योजनेखाली विनामूल्य होतात. आपण महाराष्ट्राबाहेर राहतो म्हणून यास वंचित नाही. ज्या राज्यात घर आहे त्या राज्याच्या आरोग्य केंद्रात किंवा अंगणवाडीताईंकडे चौकशी करावी. शिधापत्रिका, बाळाचा जन्मदाखला आणि डॉक्टरांचे कागद एका पिशवीत तयार ठेवावेत. आमच्या अनुभवात अर्ध्या खेपा कागदांपायी होतात.

शस्त्रक्रिया वेळेवर झालेल्या मुलाचे वजन पुढील काही महिन्यांत भराभर सावरते. ज्यांनी हे पाहिले आहे त्या आया सांगतात की, पहिला फरक काट्यावर दिसत नाही, मांडीवर दिसतो. बाळ न थांबता, न घामेजता पोटभर पिते. उंची मात्र सावकाश येते, तिला वर्ष-दोन वर्षांची मुदत द्यावी. याच काळात घर दुसऱ्या टोकाला जाण्याचा संभव असतो. वर्षभर ग्रॅम मोजलेल्या घराला मूल 'पुरे' म्हणते हे ऐकूच येत नाही, आणि तूपसाखरेचा मारा चालूच राहतो. डॉक्टरांनी जास्तीचा कस थांबवावयास सांगितला की थांबवावा. साखरेबद्दल आणखी एक गोष्ट. किडलेल्या दातांतून रक्तात गेलेले जंतू सदोष किंवा दुरुस्त केलेल्या हृदयात ठाण मांडू शकतात. म्हणून पहिला दात दिसल्यापासून रोज रात्री, शेवटच्या दुधानंतर, ओल्या स्वच्छ फडक्याने किंवा मऊ ब्रशाने तो पुसावा, आणि पुढे दंतवैद्यांकडे जावे लागले तर औषधाची सुई हाती घेण्यापूर्वीच त्यांस हृदयाची हकीकत सांगावी.